पातळ भिंतींचा दात

मी एक जुना दात आहे. वरच्या रांगेत अगदी मधोमध जे दोघे उभे असतात, त्यांतला डावा. मित्रांनो, बाहेरून तुम्हाला माझा जेवढा भाग दिसतो तो आता माझा नाही. तो दुसऱ्या कोणीतरी बनवून माझ्या डोक्यावर बसवला आहे. माझे म्हणावे असे फक्त मूळ उरले आहे, आणि तेही आतून पोकळ, पातळ भिंतींचे. अशा स्थितीत दिवस काढणाऱ्याचा स्वभाव संशयी होतो. माझाही झाला. कोणी गोड बोलत जवळ आले की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो.

दाताला दिसते कसे, असे तुम्ही विचाराल. ओठ उघडले की मला दिसते, मिटले की नुसते ऐकू येते. त्यामुळे पुढची हकीकत काही पाहिलेली, काही ऐकलेली आणि काही जिभेकडून कळलेली आहे. जीभ चौकस आहे, सगळीकडे फिरून येते. पण तिखटमीठ लावून सांगायची तिला सवय आहे, म्हणून तिचे बोलणे मी निम्मेच धरतो.

माझा मालक शाळेत नुकता रुळला होता तेव्हा मी आणि माझा उजवा भाऊ हिरडीतून वर आलो. आमच्या कडांना करवतीसारखे छोटे कंगोरे होते. दात बाहेर आला म्हणजे तो तयार झाला, असे सगळ्यांना वाटते. तसे नसते. वरून आम्ही पुरे दिसतो, पण आत मुळाचे बांधकाम आणखी काही वर्षे चालू असते. आतली नस रोज एक बारीक थर चढवते, भिंत जाड करते, टोकाचे भोक हळूहळू बुजवते. ती गवंडी आणि आम्ही तिचे घर.

माझे घर पुरे झाले नाही. मालकाला जिन्याच्या कठड्यावर बसून घसरत खाली यायची खोड होती. एकदा हात सुटला आणि शेवटच्या पायरीवर तो तोंडावर आदळला. मी पडलो नाही, नुसता हललो. ओठातून रक्त आले. त्याच्या धाकट्या बहिणीने ते पाहिले. घरी सांगितलेस तर तुझ्याशी कधी बोलणार नाही, असे त्याने तिला बजावले, तिच्याच फ्रॉकच्या टोकाने ओठ पुसून घेतला आणि जेवायला जाऊन बसला. मार बसेल असा त्याला संशय होता. बसला असता की नाही, ते आता कोण सांगणार? पण त्या आठवड्यात माझ्या आत नस मेली. गवंडी अर्धे काम टाकून निघून गेला. माझ्या भिंती जिथे होत्या तिथेच थांबल्या. तुमच्यापैकी कोणाच्या दाताला असा मार बसला तर तो लपवू नका, एवढे मी इथेच सांगून ठेवतो. ओरडा संध्याकाळपर्यंत विरतो. मूळ मात्र पुन्हा वाढत नाही.

शेजारी उजवा भाऊ वाढत राहिला. त्याच्या भिंती जाड झाल्या, टोक बंद झाले. तो चांगला आहे, पण सुखात असलेल्याचे चांगुलपण मला फार पटत नाही. मी मात्र करडा पडत गेलो.

मालक तरुण झाला तेव्हा माझ्या मुळाशी गळू आले. तेव्हाच्या डॉक्टरांचा हात जड होता. त्यांनी मला मागून भोक पाडले, आतली घाण काढली आणि काढता काढता आणखी बरेच खरवडले. मग डिंकासारखे काहीतरी ठासून भरले आणि म्हणाले, दात वाचला. मालक खूश होऊन घरी गेला. मी मनात म्हटले, वाचला खरा, पण आधीच पातळ असलेल्या भिंतींची आणखी सालपटे निघाली, त्याचे काय? तेव्हापासून 'वाचला' हा शब्द कानावर आला की मी सावध होतो.

पुढची वर्षे कामाची. मालकाने धंदा धरला तो नेमका दातांचाच. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेतात आणि त्यावरून कॅप, खुंट्या वगैरे करायला कारखान्यात पाठवतात, तसल्या कारखान्यात तो धातू ओतायचे काम करू लागला. खुंटी म्हणजे पोकळ मुळात उभी करायची धातूची मेख, वरची कॅप तिच्यावर टेकते. लांबट खोली, खिडकीला प्लास्टरची पांढरी धूळ, एका कोपऱ्यात भट्टी. आधी मेणाची खुंटी घडवायची, तिच्याभोवती मातीचा लगदा भरायचा, तापवून मेण घालवायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. हे त्याला इतके साधले होते की लोक त्याला ओतारीमामा म्हणू लागले. मामाची खुंटी मुळात सरकवली की 'टच' आवाज होतो, असे डॉक्टर एकमेकांना सांगत. हे कौतुक मी ओठांआडून पुष्कळ ऐकले आहे. मलाही त्यात वाटा होता. दोन्ही हात गुंतले की तो मेणाचा ब्रश माझ्या आणि भावाच्या मध्ये धरायचा.

हसताना मात्र तो ओठ मिटून घ्यायचा. करडा दात दिसू नये म्हणून. त्यामुळे बाहेर सगळे त्याला गंभीर माणूस समजत आणि घाबरून असत. लग्नानंतर मामी, म्हणजे त्याची बायको, माहेरी सांगत आली की हा माणूस चेष्टेखोर आहे. कोणी विश्वास ठेवला नाही.

धाकट्या बहिणीची मुलगी शाळेसाठी त्याच्याकडेच राहिली. शाळा सुटली की ती कारखान्यात येई आणि मेणाच्या तुकड्यांचे पक्षी करत बसे. ती मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली, तेव्हा मामाने सगळ्या गल्लीला चहा पाजला. दवाखाना काढल्यावर पहिली खुंटी तिने मामाकडूनच करून घेतली. मग दुसरी, तिसरी. आणि मग खुंट्या येईनाशा झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की ती आता धातूऐवजी काचेच्या तंतूंची काडी वापरते, आणि ती मुळात रेझिनने चिकटवते. रेझिन म्हणजे घट्ट मलमासारखा एक पदार्थ, निळा उजेड पडला की कडक होणारा. दुसरे डॉक्टरही तिकडेच वळत होते. ओतारीमामाच्या भट्टीला सुट्या पडू लागल्या. तो घरी येऊन मामीला म्हणाला की हे सगळे फॅड आहे, कंपन्या डॉक्टरांना मांडीवर घेऊन भरवतात. त्याचा आवाज मला आवडला नाही. माणूस असे बोलतो तेव्हा त्याला स्वतःचीच खात्री नसते.

आणि अशात मी मोडलो.

चूक अगदी साधी होती. कारखान्यात एका बाटलीचे प्लास्टिकचे बूच निघेना. पकड हाताशीच होती. मालकाने दात लावले. बूच निघाले आणि त्याच्याबरोबर माझा वरचा भागही निघाला. हिरडीच्या वर एक अरुंद कड तेवढी राहिली. मालक बराच वेळ माझा तुकडा तळहातावर घेऊन बसला होता. मग तो रुमालात बांधून भाचीकडे गेला.

तिने माझा एक्स-रे काढला आणि पडद्यावर मोठा करून बघितला. ती काही बोलेना, तेव्हा मला पहिला संशय आला. डॉक्टर गप्प बसतात तेव्हा ते तुमच्याबद्दलच बोलत असतात, फक्त मनात.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "मूळ आहे, पण भिंती अंड्याच्या टरफलाएवढ्या आहेत. लहानपणी कधी पडला होतास का?"

"आठवत नाही," मालक म्हणाला.

"आईला आठवतं. तिनं कधीच सांगितलंय मला."

मालकाने जिभेने माझी कड चाचपली. भाचीने सांगितले की दोनच रस्ते आहेत. एक, मूळ काढून टाकायचे. दुसरा, आतून रेझिनचा थर देऊन भिंतीला अस्तर करायचे, मधे काडी बसवायची आणि वर कॅप. धातूची खुंटी मात्र इथे चालणार नाही. ती पाचरीसारखी काम करेल आणि एक दिवस मूळ उभे चिरेल. चिरलेले मूळ कोणालाच जोडता येत नाही.

"माझ्या खुंट्या पंचवीस-तीस वर्षं लोकांच्या तोंडात उभ्या आहेत," मालक म्हणाला. "त्यांना कोणी सांगितलं नाही वाटतं की त्या पाचरी आहेत."

"ती मुळं जाड होती, मामा."

"तुला भूल पडलीय डॉक्टरीणबाई. काचेनं कधी कशाला आधार दिलाय का?"

खरे सांगतो, त्या वेळी मीही मालकाच्या बाजूने होतो. धातू आणि काच यांतून टेकायला काय घ्याल, असे विचारले तर तुम्ही काय म्हणाल? पण मालकाच्या बाजूने होतो म्हणजे त्याच्यावर विश्वास होता असे नव्हे. बाटलीच्या बुचावर मला लावणारा हाच माणूस.

विचार करून सांगतो, असे म्हणून तो निघाला. विचार त्याने आधीच केला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणी नसताना त्याने आरसा खिडकीला टेकवला, मऊ मेण माझ्या पोकळीत दाबले आणि स्वतःच स्वतःचा साचा घेतला. मग भट्टी पेटवली. त्या दिवशी त्याचे हात असे चालत होते की जणू जन्मभराचे काम या एका खुंटीसाठीच शिकला. घासून, पुसून, चमकवून त्याने ती आरशासमोर धरली. कोणीही म्हटले असते की सुंदर आहे. मला ती फार सुंदर वाटली, म्हणूनच भीती वाटली.

त्याला ती नुसती लावून बघायची होती, नीट बसते का एवढेच. नंतर ती भाचीसमोर ठेवायची आणि म्हणायचे, आता बोल. त्याने ती माझ्यात सरकवली. 'टच' आवाज झाला.

आणि ती निघेना.

चिमट्याने ओढली, पकडीने ओढली, दोरा बांधून ओढली. त्याच्या हाताने आजवर जी सगळ्यांत घट्ट खुंटी केली तिच्यापेक्षाही ही घट्ट झाली होती. ना सिमेंट ना काही, नुसत्या मापाच्या जोरावर ती अडकली. मला आतून सगळीकडून कोणीतरी कोपर रुतवतेय असे वाटत होते. मालकाने तोंड मिटले की खालचा दात तिच्या टोकाला लागायचा आणि तो दाब थेट माझ्या पातळ भिंतींत उतरायचा. रात्रंदिवस मी एकच गोष्ट ऐकत राहिलो, कुठे चर्र होते का.

मालकाने घरात कोणाला सांगितले नाही. सांगणार काय? भाचीने नको म्हटलेले काम स्वतःच्या तोंडात करून बसलो, असे? तो दुधात पाव कुस्करून खाऊ लागला. बोलणे कमी केले. मामी संसार केलेली बाई. तिला आधी वाटले, कारखान्यात भांडण झाले. मग वाटले, भट्टी कायमची बंद झाली आणि हे सांगत नाहीत. तिने त्याचे खिसे बघितले, झोपेत तोंडाकडे बघितले. तेव्हा ओठ जरासे उघडे होते आणि तिला आत काहीतरी चमकताना दिसले.

सकाळी ती म्हणाली, "अहो, आ करा."

"कशाला?"

"मी लहान मुलाला विचारत नाहीये. आ करा."

त्याने केला. मामीने बघितले, चप्पल घातली आणि त्याचा शर्ट त्याच्या हातात दिला. वाटेत ती एकच वाक्य बोलली, ते मी ऐकले. माझा संशय खरा ठरला की मला बरं वाटत नाही, असे ती म्हणाली.

भाचीने रागावण्यात वेळ घालवला नाही. तिने एका यंत्राचे बारीक थरथरणारे टोक खुंटीला लावले. वर पाण्याची धार सोडली. थोडा वेळ थरथर, मग विश्रांती, मग पुन्हा थरथर. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी तिच्याकडे संशयाने बघत होतो, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. जड हाताच्या त्या जुन्या डॉक्टरांसारखी ती ओढत नव्हती, वाट बघत होती. खुंटी सैल झाली आणि बाहेर आली. मग चीर असेल तर उठून दिसावी म्हणून तिने निळे पाणी माझ्या आत फिरवले, धुतले आणि भिंग लावून पाहिले.

"काठाला एक केसभर रेघ आहे," ती म्हणाली. "आत उतरलेली नाही. आणखी थोडे दिवस राहिली असती तर उतरली असती."

मालक खुर्चीत नुसता पडून होता. तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळे बोलता येत नव्हते. त्याचा त्याला आधारच झाला असावा.

भाचीने हातमोजे काढले. "मी परकी डॉक्टर असते ना मामा, तर तू माझं ऐकलं असतंस," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

हे त्याला लागले. पण ऐकीव गोष्टीवर आयुष्यात कधी त्याने विश्वास ठेवला नव्हता. हाताला पटले तरच पटायचे. बोळे निघाल्यावर तो एवढेच म्हणाला की मला करून बघू दे. भाचीला ते आवडले नाही, पण ती त्याच्याच कारखान्यात वाढली होती. शिकत असताना जपून ठेवलेले काढलेल्या दातांचे एक भांडे तिच्याकडे होते. त्यातले सारखे दिसणारे दोन तिने निवडले. त्यांची डोकी कापून मुळे आतून घासली, माझ्याइतकी पातळ होईपर्यंत. एकात मालकाने आपली ओतीव खुंटी बसवली. दुसऱ्यात तिने रेझिन आणि काडी घातली. दोन्हींवर सारखी डोकी केली. मग कारखान्यात त्यांना प्लास्टरमध्ये रोवले, तिरपा दांडा टेकवला आणि दांड्याच्या टोकाला बादली टांगली. मालक बादलीत प्लास्टरची भुकटी ओतू लागला. लक्ष देऊन काम करताना त्याचे ओठ उघडे राहतात. मी सगळे पाहिले.

खरे तर मला पाहायचे नव्हते. ते दोघे माझ्याच जातीचे होते. कोणाच्या तोंडात त्यांनी काय काय सोसले असेल, आणि इथे शेवटी बादली.

काडीचा दात आधी लावला. बादली अर्धी भरली आणि त्याचे डोके मोडून टेबलावर उडाले. मालक मान हलवून हसला. मग खुंटीचा लावला. बादली अर्धी भरली, पाऊण भरली, तरी तो उभा. गच्च भरत आली तेव्हा कुठे एक बारीक आवाज झाला, वाळकी काटकी पायाखाली आल्यासारखा.

"बघ," मालक म्हणाला. "जवळजवळ दुप्पट पेललं माझ्या खुंटीनं."

"पेललं," भाची म्हणाली. "मी कुठं नाही म्हणतेय? आता मुळं बघ."

तिने प्लास्टर फोडून दोन्ही मुळे त्याच्या हातावर ठेवली आणि भिंग दिले. काडीचे मूळ जसेच्या तसे होते. वरचे डोके गेले होते, मूळ शाबूत. दुसऱ्यात खुंटी अजून तशीच चमकत उभी होती, वाकलीसुद्धा नव्हती, आणि तिच्याभोवती मूळ वरपासून खालपर्यंत उभे चिरून त्याच्या दोन फाका झाल्या होत्या. मालकाने त्या फाका बोटांनी जुळवून पाहिल्या. त्या जुळत होत्या, पण सोडल्या की वेगळ्या होत होत्या. तो तसे पुन्हा पुन्हा करत राहिला. भाचीने भिंग परत मागितले नाही.

"खुंटी चांगली आहे," तो म्हणाला. "पण ज्याच्यात उभी राहिली त्यालाच खाल्लं तिनं."

दोन दिवसांनी तो स्वतःहून दवाखान्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

आता माझी पाळी होती, आणि माझे समाधान झालेले नव्हते. ती परीक्षा दुसऱ्यांची होती. माझ्या काठावर तर आधीच एक रेघ होती. भाचीने माझ्याभोवती रबराचा पडदा लावला, म्हणजे लाळ येऊ नये. जीभ पलीकडे राहिली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या गप्पांची आठवण आली. मग आत निळे, आंबट काहीतरी घातले. भिंती चरचरल्या. ते धुतले, कागदाच्या बारीक सुरळ्यांनी टिपले. एक पातळ द्रव चोळला. त्यानंतर रेझिन आले, मऊ, कोमट. ते भिंतीला सर्वत्र लागले आणि माझा प्रत्येक खड्डा भरत गेले. इतके जवळ येणाऱ्याचा मला नेहमी संशय येतो. शेवटी मधोमध ती काडी आली. फिकट, बारीक, काडेपेटीतल्या काडीपेक्षाही किरकोळ. जिच्यावर सगळी मदार ठेवायची ती ही. निळा दिवा लागला आणि सगळे जागच्या जागी घट्ट झाले. काही आठवड्यांनी वर कॅप आली, उजव्या भावाच्या रंगाची.

त्यानंतर मी त्या काडीवर पाळत ठेवली. घास आला की मी बघायचो, ती हलते का, सटकते का, माझ्यावर दाब टाकते का. ती काही बोलायची नाही. दाब आला की माझ्याबरोबर जराशी वाकायची आणि सरळ व्हायची. खुंटी कधी वाकली नव्हती. वाकणाऱ्यावर कसा भरवसा ठेवायचा, असे मी स्वतःला म्हणत असे. इतक्या जवळ राहूनही मी तिच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. मालकाचेही तसेच होते. तो रोज आरशात बघून नखाने कॅपवर टिचकी मारायचा. मामी म्हणायची, अहो, दार वाजवल्यासारखं काय करताय, आत कोणी आहे का बघताय? तेव्हा तो ओठ न मिटता हसायचा.

मग तो दिवस आला. भट्टीतून साचा काढताना लांब चिमटा सटकला आणि त्याची मूठ उसळून मालकाच्या तोंडावर बसली, थेट माझ्यावर. जोर एवढा होता की मालक खाली बसला. मला तोच आवाज ऐकू आला, वाळक्या काटकीचा. मी म्हटले, चिरलो. आता फाका होणार. मी वाट बघत राहिलो. जीभ धावत आली आणि तिनेही काही सांगितले नाही. बातमी नसताना गप्प बसलेली मी तिला प्रथमच पाहिली.

जमिनीवर कॅप पडली होती, आणि तिच्यातून तुटक्या दोऱ्यांसारखे तंतू बाहेर आले होते. मालकाने ती उचलली. या वेळी त्याने आरसा घेतला नाही, चिमटा घेतला नाही. भट्टी बंद केली आणि भाचीकडे गेला. एक्स-रे, निळे पाणी, भिंग, सगळे पुन्हा झाले. ती तपासत होती तोवर मालकाने खुर्चीचे हात सोडले नाहीत.

"मूळ शाबूत आहे," ती म्हणाली. "जुनी रेघसुद्धा तेवढीच आहे."

"मग मोडलं कोण?"

"जे मोडायला ठेवलं होतं ते."

मालकाने मुठीतली कॅप उलटी करून ते तंतू पाहिले. चांगल्या कामाकडे तो जसे बघायचा तसे पाहिले. मग म्हणाला, "कोणी केली होती गं ही काडी? त्याला सांगायला पाहिजे."

माझ्यात उरलेला काडीचा तुकडा भाचीने घासून काढला. त्याची बारीक भुकटी झाली आणि ती नळीने ओढली गेली. सगळा मार तिने स्वतःवर घेतला होता, आणि मी इतके दिवस तिच्यावर पाळत ठेवून होतो. तिला काही सांगावे असे मला वाटले, पण तोवर नळी बंद झाली होती.

त्याच दिवशी माझ्यात नवी काडी बसली. मित्रांनो, माझा स्वभाव एका दिवसात बदललेला नाही. हिच्याकडेही मी बघत असतो. आता मात्र ती मला कधी दगा देईल हे बघत नाही. तिच्यावर फार भार तर पडत नाही ना, ते बघतो. बुचे, दोरे, खिळे यांच्यासाठी पकड आणि कात्री असते, दात नव्हेत, हे मालक हल्ली कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि माझेही तुम्हाला तेच सांगणे आहे. आणखी एक. तुमच्या शेजारी कोणी न बोलता उभे असेल, तुमच्या वाट्याचा भार स्वतःवर घेत असेल, तर त्याची ताकद अजमावत बसू नका. त्याला जपून वापरा.